सगळ्यात कमी भाव, पण कशाचा? सरकारी खरेदीत निविदा कशा तपासतात

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आमच्या गावात दीड तास एकाच विषयावर गेला : पथदिवे. उन्हाळ्यात गावभर नवे एलईडी दिवे लागले. आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात त्यातले बरेच बंद पडले. काहींच्या काचेत पाणी साचलेलं तर खाली उभं राहूनही दिसायचं. मागे बसलेली एक आजी उठली आणि म्हणाली, "बापू, सस्त्यातले सस्ते दिवे कायले आणले? घरी तरी आपन असं करतो काय?" पुढून उत्तर आलं, "आजी, नियमच हाये तसा. ज्याचा भाव कमी, त्यालेच द्या लागते."

उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. उरलेलं अर्धं सभेत कोणालाच सांगता आलं नाही आणि चर्चा "कोणी खाल्ले" इथे येऊन थांबली. शाळा व्यवस्थापन समितीत असताना मी कोटेशनचे कागद हाताळले आहेत, पुढे नियम वाचत गेलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावासारखीच चर्चा विदर्भातल्या शेकडो गावांत होत असणार, म्हणून हे उरलेलं अर्धं इथे मांडतो.

हर्रास माहीत आहे, हा त्याच्या उलट

बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात, बोली चढत जाते आणि जास्त बोलणाऱ्याला माल मिळतो. तिथे विकणारा एक आणि घेणारे अनेक. सरकारी खरेदीत घेणारा एक आणि विकणारे अनेक. म्हणून इथे चढती बोली नाही, उतरता भाव जिंकतो. 'अमुक माल, अमुक अटींवर, अमुक भावात देतो' असं लेखी कळवणं म्हणजे निविदा. अटी छापून ती मागवणाऱ्या सरकारी कागदालाही निविदाच म्हणतात. ज्याचा भाव सर्वांत कमी तो एल-वन, त्याच्या वरचा एल-टू.

दुसरा फरक याहून महत्त्वाचा. हर्रासात बोली सगळ्यांसमोर होते, निविदेतला भाव बंद असतो. समोरच्याचा भाव कळला तर प्रत्येक जण त्याच्यापेक्षा फक्त रुपयाभर खाली येईल. कळला नाही, तर आपल्याला परवडेल तिथपर्यंत खाली यावंच लागतं. केंद्राच्या 'जेम' या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर काही खरेदीत उलटा, म्हणजे उतरत्या बोलीचा, लिलावही होतो, पण मूळ पद्धत बंद भावाचीच.

आता आजीचा प्रश्न. कमीत कमी भावच का? कारण पैसा गावाचा आहे आणि खर्च दुसराच कोणी करतो आहे. घरी आपण मोटार घेतो तेव्हा दोन कंपन्या पाहतो, शेजाऱ्याला विचारतो आणि 'ही बरी वाटते' म्हणून घेऊन येतो. चुकलो तर नुकसान आपलं. अधिकाऱ्याने 'हा बरा वाटला' म्हणून पाच लाखांचा माल घेतला, तर तो खरंच बरा होता की भाऊबंदाचा होता, हे लेखापरीक्षणात कसं ओळखायचं? आकडा मात्र कोणालाही तपासता येतो. सर्वांत कमी भावाचा नियम अविश्वासातून आला आहे आणि माझ्या मते तो अविश्वास रास्त आहे.

या नियमाची ताकदही देशाने पाहिली आहे. घरगुती एलईडी बल्बची सरकारी घाऊक खरेदी सुरू झाली तेव्हा, २०१४ च्या सुरुवातीला, एका बल्बचा भाव सुमारे ३१० रुपये होता. फेरीमागून फेरी निविदा निघत गेल्या, मागणी वाढत गेली आणि २०१६ मध्ये तोच भाव ३८ रुपयांपर्यंत आला.

आधी ओलावा, मग भाव

सीसीआयच्या, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसाची गाडी नेली की काय होतं? भावाची गोष्ट नंतर निघते. आधी ग्रेडर येतो आणि कापसात मीटर खुपसतो. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव, त्याच्या वर गेला की कपात, १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. १५ टक्के ओलाव्याचा कापूस घेऊन 'मी शंभर रुपये कमी घेतो' म्हटलं तरी चालत नाही. तो कापूस त्या शर्यतीतच नाही.

निविदेतही हेच होतं. मोठ्या खरेदीत दोन लिफाफे असतात. आता ते संगणकावर असतात, पण नाव लिफाफाच. पहिला तांत्रिक, दुसरा भावाचा. तांत्रिक लिफाफ्यात कागद असतात : जीएसटी नोंदणी, मागच्या काही वर्षांची उलाढाल, अशाच कामाचा अनुभव, मालाचा चाचणी अहवाल, लागेल तिथे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी. सोबत बयाणा रक्कम भरलेली असते. निवड झाल्यावर ठेकेदार पळाला तर ती जप्त होते. केंद्राच्या नियमांत ती अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के सांगितली आहे. कागद आणि माल अटींत बसला, तरच त्या माणसाचा भावाचा लिफाफा उघडायचा. नापास झालेल्याचा उघडतच नाहीत, मग त्यात फुकट माल द्यायचं लिहिलेलं असलं तरी.

म्हणजे 'सगळ्यात कमी भाव' हे वाक्यच अपुरं आहे. पूर्ण वाक्य असं : अटींत बसणाऱ्यांपैकी सगळ्यात कमी भाव. सभेत निसटलेलं अर्धं उत्तर हेच.

इथे थोडं थांबू, कारण सगळी गोम इथेच आहे. तपासणाऱ्या समितीला नवी अट घालता येत नाही. 'हा दिवा नाजूक दिसतो' म्हणून निविदा नाकारता येत नाही. नाजूक म्हणजे काय हे निविदेत लिहिलेलं असेल तर येते. याची दुसरी बाजूही तितकीच कडक. निविदेत दोन वर्षांची वॉरंटी मागितली आहे, एकाने दोनच दिली आणि दुसऱ्याने पाच. तर पाचवाल्याला त्याचा एका पैशाचा फायदा नाही. उंबरठा ओलांडला की सगळे सारखे, पुढे फक्त भाव. ठेकेदारांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून चांगला माल बनवणारा कारखानदारसुद्धा उंबरठ्याला जेमतेम शिवेल असाच माल घेऊन येतो, कारण त्याहून चांगला आणला तर तो हरतो. आपल्या गावात कसले दिवे लागणार, हे भाव उघडायच्या दिवशी ठरत नाही. उंबरठा किती उंच ठेवायचा ते कागदावर लिहिलं गेलं, त्या दिवशी ठरतं.

कटती धरूनच भाव

गावात गाडी घेऊन येणारा व्यापारी चढा भाव सांगतो आणि मग हमाली, तोलाई, कटती काढता काढता हातात किती उरतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. निविदेतही सांगितलेला भाव आणि खरा भाव वेगळा असू शकतो. म्हणून समिती तुलनात्मक तक्ता बनवते. त्यात प्रत्येकाचा भाव एकाच मापाने मांडायचा असतो : कर, वाहतूक, बसवणी सगळं धरून, माल खांबावर लागेपर्यंतचा.

एक मानीव उदाहरण घेऊ. पहिला म्हणतो, दिवा १,५५० रुपये, सगळं धरून. दुसरा म्हणतो १,३९० रुपये, जीएसटी वेगळा. वरवर दुसरा स्वस्त. पण एलईडी दिव्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. १,३९० वर तो २५० रुपये २० पैसे होतो आणि भाव १,६४० च्या वर जातो. वाहतूक अजून धरलेलीच नाही. एल-वन पहिला. अमक्याचा भाव कमी असूनही त्याला दिलं नाही, अशा तक्रारी गावात येतात तेव्हा त्यातल्या काहींच्या मुळाशी नेमकं एवढंच असतं.

मग बाजारात करतो तशी घासाघीस सरकार का करत नाही? कारण नंतर घासाघीस होणार हे ठाऊक असलं, तर प्रत्येक जण भाव आधीच फुगवून भरेल. शिवाय बंद खोलीतल्या बोलण्याचा हिशोब कोण ठेवणार? केंद्रीय दक्षता आयोगाने २००७ च्या परिपत्रकात सांगितलं आहे की निविदेनंतर वाटाघाटी सहसा करू नयेत, आणि अपवाद म्हणून करायच्याच झाल्या तर फक्त एल-वनशी.

दिव्याचं बिल मोठं की विजेचं?

घरी म्हैस घेताना आपण नुसती किंमत पाहत नाही. खाणार किती, दूध देणार किती, किती वेत पुरणार, हे सगळं मनात मांडतो. सरकारी भाषेत याला 'आयुष्यभराचा खर्च' म्हणतात. दिव्यांना तो लावून पाहू.

गावात १०० दिवे आहेत. एक दिवा ४५ वॅटचा, दुसरा ६० वॅटचा, उजेड दोघांचा सारखा. ४५ वॅटचा दिवा २०० रुपयांनी महाग, म्हणजे १०० दिव्यांना २० हजार जास्त. एल-वनच्या साध्या हिशोबात तो हरला. आता रात्रीचे ११ तास धरा. वर्षाचे झाले चार हजारांच्या आसपास तास. १०० दिव्यांत १५-१५ वॅटचा फरक म्हणजे दीड किलोवॅट, वर्षाला सुमारे ६,००० युनिट. हिशोबासाठी युनिटला ७ रुपये धरले, तर वर्षाला ४२ हजार. पाच वर्षांत २ लाख १० हजार! खरेदीत २० हजार वाचवून पुढे दहापटीहून जास्त मोजायचे आणि मग थकबाकीसाठी पथदिव्यांची जोडणी कापली गेली की गाव अंधारात.

अशी तुलना करायला नियमांची आडकाठी नाही. अट एकच, हिशोब कसा करणार ते निविदेत आधी छापायचं : किती तास, किती वर्षं, युनिटचा कोणता दर. त्याहून सोपा रस्ता म्हणजे उंबरठाच वर न्यायचा. 'एका वॅटमागे किमान इतका उजेड' ही ओळ टाकली की ६० वॅटचा दिवा शर्यतीच्या बाहेर. लहान ग्रामपंचायतीसाठी मला हा दुसरा रस्ता जास्त पटतो, कारण त्यात भाव उघडल्यावर गणिताचा घोळ उरत नाही.

चांगल्या कामाला गुण का देत नाहीत?

देतात, पण सगळीकडे नाही. पाणीपुरवठ्याचा आराखडा, सर्वेक्षण, सल्लागार अशा कामांत डोक्याला मोल असतं. तिथे गुणवत्तेचे आणि भावाचे गुण एकत्र करतात. समजा गुणवत्तेला ७० टक्के वजन, भावाला ३०. पहिल्याची गुणवत्ता ९०, भाव १० लाख. दुसऱ्याची गुणवत्ता ७०, भाव ७ लाख. सर्वांत स्वस्ताला भावाचे १०० गुण, त्या प्रमाणात पहिल्याला ७०. बेरीज केली तर पहिल्याचे ८४, दुसऱ्याचे ७९. तीन लाख महाग असून पहिला जिंकला.

आता वजनं उलटी करा, गुणवत्तेला ३० आणि भावाला ७०. पहिल्याचे होतात ७६, दुसऱ्याचे ९१. माणसं तीच, कागद तेच, निकाल उलटा. वजनं आधी जाहीर करण्याची सक्ती का आहे ते यावरून दिसतं. आणि गुणवत्तेचे ९० गुण देणारी शेवटी माणसंच. म्हणून केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये बांधकामं आणि इतर सेवांसाठी ही पद्धत खुली केली, तेव्हा भावाशिवायच्या गुणांचं वजन ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये असं बंधन घातलं. दिवा, बाक, पंप अशा मोजता येणाऱ्या वस्तूंना ती सहसा लावत नाहीत. जे मोजता येतं ते अटीतच लिहावं, हा त्यामागचा विचार.

"अन् कोनी लयच कमी भरला त?"

अंदाजपत्रकापेक्षा ३०-३५ टक्के खाली कोणी भाव भरला, तर आपल्याला वाटतं गावाचा फायदा झाला. बहुतेक वेळा तसं नसतं. तो माल हलका देईल, काम अर्ध्यावर सोडेल किंवा पुढे वाढीव कामाच्या नावाखाली वसूल करेल. असा भाव आला की त्याच्याकडून फोड मागता येते : मालाचे किती, मजुरीचे किती, नफा किती. ती पटली नाही तर कारण लिहून निविदा नाकारता येते. बांधकामाच्या निविदांत असा भाव भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा अनामतही घेतात. सुरक्षा अनामत ही बयाण्यापेक्षा वेगळी, काम मिळालेल्याकडून घेतलेली. माल दिल्यावरही ती ठरलेल्या मुदतीपर्यंत अडकून राहते. आमच्याकडे दिवे बंद पडले तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायला हवा होता : वॉरंटी किती, आणि अनामत अजून आपल्याकडे आहे की परत केली?

"टेंडर त आधीच मॅनेज असते"

चावडीवरचं हे वाक्य मी उडवून लावणार नाही. साखळी होते. तीन जण आपसात ठरवतात, दोघं मुद्दाम चढे भाव भरतात, तिसऱ्याला काम मिळतं आणि पुढच्या वेळी पाळी बदलते. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ प्रमाणे हा संगनमताचा खेळ बेकायदा आहे आणि भारतीय स्पर्धा आयोग त्यासाठी दंड करू शकतो. खुणा साध्या असतात. तिन्ही निविदांत शुद्धलेखनाची तीच चूक, एकाच संगणकावरून भरलेल्या निविदा, लागोपाठच्या क्रमांकाचे बँक ड्राफ्ट, प्रत्येक ओळीत सारख्याच टक्क्यांनी चढवलेला भाव.

दुसरा प्रकार जास्त शांत आणि मला जास्त घातक वाटतो : अटच एका माणसाच्या मापाने शिवायची. दिव्याची लांबी अमुक मिलिमीटरच, रंग अमुकच, अनुभव अमुक जिल्ह्यातलाच. उंबरठा उंच असणं वेगळं आणि दाराची चौकट एकाच माणसाच्या अंगाएवढी करणं वेगळं. ओळखायचं कसं? प्रत्येक अटीला विचारायचं, 'यामुळे दिवा जास्त टिकेल का, उजेड वाढेल का?' उत्तर 'नाही' असेल, तर ती अट गावासाठी नाही.

कोर्टात जाऊन काम होईल का? फार थोड्या वेळा. टाटा सेल्युलर खटल्यात १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्णय कसा घेतला ते न्यायालय तपासेल, पण कोणाची निविदा घ्यावी हे सरकारच्या जागी बसून ठरवणार नाही.

गावातल्या दुकानातून का घेत नाही?

लहान खरेदी घेता येते. केंद्राचे सामान्य वित्तीय नियम २०१७ साली आले, तेव्हा २५ हजारांपर्यंत कोटेशनशिवाय आणि पुढे अडीच लाखांपर्यंत स्थानिक खरेदी समितीमार्फत खरेदीची मुभा होती. राज्याच्या मर्यादा वेगळ्या आहेत आणि त्या बदलत असतात, तत्त्व मात्र तेच. एक गोष्ट सक्त मना आहे : मोठ्या खरेदीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत बसवणं.

लहान उद्योगांसाठी केंद्राचं वेगळं धोरण २०१२ पासून आहे. त्यांचा भाव एल-वनपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी एल-वनच्या भावात उतरायला तयार झाल्यास त्यांना पुरवठ्याचा वाटा मिळतो. केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करायची आहे. पण हे माल बनवणाऱ्यांसाठी. नुसता विकत घेऊन विकणारा दुकानदार यात बसत नाही. म्हणजे एमआयडीसीत दिवे जोडणारा आपला पोरगा बसतो, बस स्टॅंडजवळचं इलेक्ट्रिकलचं दुकान नाही.

आमच्या दिव्यांच्या कागदावर काय होतं

राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर चालू निविदा आणि त्यांची कागदपत्रं कोणालाही पाहता येतात, निकालही दिसतात. निर्णय झाल्यावर तुलनात्मक तक्ता माहितीच्या अधिकारात मागता येतो. अर्जाची फी १० रुपये. ग्रामसभेनंतर दोन दिवसांनी आम्ही तिघं-चौघं ग्रामपंचायतीत गेलो. तिथल्या लोकांनी फाइल आडेवेढे न घेता दाखवली. तीन निविदा होत्या, तिघांचे कागद पूर्ण होते, तक्त्यात चूक नव्हती. एल-वनलाच काम दिलं होतं. मालाचं वर्णन एका ओळीचं होतं : 'एलईडी पथदिवा, चांगल्या प्रतीचा, बसवणीसह.'

'चांगल्या प्रतीचा' या शब्दांत पाणी शिरणारा दिवाही बसतो. म्हणून २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा होईल तेव्हा, मांडायला आम्ही नवी ओळ लिहिली आहे. वीज कंपनीतून निवृत्त झालेल्या एका काकाजींनी ती तपासून दिली : 'एलईडी पथदिवा, ४५ वॅटपेक्षा जास्त नाही, एका वॅटमागे किमान १०० ल्युमेन उजेड, धूळ आणि पाण्यापासून संरक्षण आयपी ६६, विजेच्या कडकडाटात टिकण्यासाठी सर्ज संरक्षण, कमी-जास्त दाबात चालणारा, बीआयएस नोंदणी आणि चाचणी अहवाल जोडलेला, वॉरंटी पाच वर्षं, बंद पडल्यास सात दिवसांत खांबावर बदलून, तोवर अनामत परत नाही.'

आजीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "यात पावसाचं कुठी लिवलं?" आयपी ६६ म्हणजे जोराच्या धारेनेही आत पाणी जात नाही, असं सांगितलं. "मंग तसंच लिव ना," म्हणाली. तेही खाली मराठीत लिहिलं.